अझ्नावूर म्हणजे 'फ्रान्सचा सिनात्रा' नव्हे!

मंडळी, शार्ल अझ्नावूरचं नाव काढलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "अच्छा, तो फ्रान्सचा फ्रँक सिनात्रा!" (मामा, तुम्हीसुद्धा!) १ ऑक्टोबर २०१८ ला, ९४ व्या वर्षी तो गेला, तेव्हा इंग्रजी मृत्युलेखांतही हीच उपमा. कालिदासाला 'भारताचा शेक्सपिअर' करून झालं, आता याची पाळी. डोक्यात जातं हे.

सिनात्रा मोठा गायक, वादच नाही. पण तो बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी गायचा. अझ्नावूर बरीचशी गाणी स्वतः लिहायचा, चालही बांधायचा आणि मग गायचा. म्हणजे गदिमा आणि बाबूजी एकाच कोटात! गंमत म्हणजे सिनात्राची ओळख बनलेलं 'माय वे' मुळात क्लोद फ्रान्स्वाचं १९६७ चं फ्रेंच गाणं. चाल तीच ठेवून पॉल अँकाने इंग्रजी शब्द नव्याने लिहिले. मूळ गाण्यात कसली मर्दुमकी नाही, एका जोडप्याचं शिळं झालेलं प्रेम आहे. आता सांगा, कोण कुणाचा?

बरं, सिनात्राला 'द व्हॉइस' म्हणत. अझ्नावूरच्या आवाजाची तर समीक्षकांनी टर उडवली. पॅरिसमध्ये १९२४ साली आर्मेनियन निर्वासितांच्या घरी जन्मलेलं पोर, बुटकं, गळा घोगरा. एदित पियाफबरोबर दौरे केले, तिच्यासाठी गाणी लिहिली. खरं नाव झालं ते १९६० साली, छत्तिशीत, आणि तेही कशाने? यश न मिळालेल्या गायकावरच्या गाण्याने!

दुसरा शिक्का 'रोमँटिक'. हा 'शी'मुळे. १९७४ साली ते ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. चाल याची, पण इंग्रजी शब्द हर्बर्ट क्रेट्झमरचे. आणि आपण त्यावरून अख्खा माणूस ठरवणार? त्याच्या १९६० च्या एका गाण्यात नवरा दारूच्या नशेत बायकोला सुनावतो, किती गबाळी झालीस तू म्हणून, आणि शेवटी तिलाच जवळ ये म्हणतो. १९७२ च्या 'कॉम इल् दीझ'मध्ये आईसोबत राहणारा, रात्री क्लबात स्त्रीवेषात नाचणारा समलिंगी पुरुष 'मी' म्हणून बोलतो. चेष्टा नाही, कीव नाही. समलिंगींना वेगळी वयोमर्यादा लावणारा कायदा फ्रान्सने रद्द केला तो १९८२ साली, म्हणजे गाण्यानंतर दहा वर्षांनी. ह्याला नुसतं 'रोमँटिक' म्हणायचं?

असो. 'शी' ऐका, माझी ना नाही. पण लगेच १९६५ चं 'ला बोएम' लावा. (शब्द झाक प्लांतचे, चाल याची.) एक चित्रकार तरुणपणीच्या माँमार्त्रला परत जातो आणि त्याला काही ओळखूच येत नाही. रंगमंचावर हे गाताना अझ्नावूर हातात पांढरा रुमाल धरायचा, चित्रकाराचं फडकं म्हणून. गाणं संपता संपता तो टाकून द्यायचा.