ग्रहाची वाट गोल का नाही?

आठवीच्या वर्गात सूर्यमाला शिकवत होते. फळ्यावर ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा काढल्या. एका मुलीने हात वर केला, "टीचर, गोल का नाहीत?" मी म्हणाले, "केप्लरचा नियम आहे." ती गप्प बसली. घरी आल्यावर मात्र जाणवले, हे उत्तर नव्हतेच. काय घडते ते मी सांगितले. तिने विचारले होते, का घडते.

दुसऱ्या दिवशी वर्गात खडू वर फेकला. वर जाताना तो मंदावला, खाली येताना वेग वाढला. ग्रहाचेही तसेच. सूर्य त्याला ओढतो आणि त्याची स्वतःची गती त्याला पुढे नेते. वाट गोल राहायची तर त्या अंतरावर वेग अगदी नेमका हवा आणि दिशा सूर्याच्या ओढीशी काटकोनात हवी. वेग जरा जास्त झाला की ग्रह दूर सरकतो, ओढीमुळे मंदावतो, परत वळतो. जवळ येताना वेग इतका वाढतो की सूर्यात न पडता वळसा घालून पुन्हा दूर जातो. म्हणून वाट लांबट होते. वर्तुळ हा एकच नेमका योग, लंबवर्तुळे असंख्य. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणूनच हा आकार येतो, हे न्यूटनने १६८७ मध्ये गणिताने मांडले.

त्याआधी शतकानुशतके विद्वानांनी वर्तुळच धरले होते. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमवी मशिदीत नमाजच्या वेळा ठरवणारे इब्न अल-शातिर आणि पुढे कोपर्निकस, दोघांनीही वर्तुळांवर वर्तुळे बसवून हिशेब जमवले. केप्लरनेही मंगळासाठी आधी वर्तुळच घेतले. टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी ताडून पाहिले तर फरक निघाला आठ कलांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. एवढी चूक सहज खपली असती. पण ब्राहे इतका चुकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याने आपली मेहनत बाजूला ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. १६०९ मध्ये लंबवर्तुळ जगापुढे आले.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. पुस्तकातली आकृती समजावी म्हणून ताणलेली असते. पृथ्वीची कक्षा ३० सेंटीमीटर त्रिज्येची काढली, तर डोळ्याला ती गोलच दिसेल. फक्त सूर्य मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूला असेल. जानेवारीत तो आपल्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत १५.२ कोटी. म्हणजे आपल्या थंडीतच तो जवळ! ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे, या अंतरामुळे नव्हे.

आणि मूल "का?" विचारेल तेव्हा, माझ्यासारखे "नियमच आहे" म्हणून त्याला गप्प करू नका. "बघून उद्या सांगते," म्हणा. आणि उद्या खरंच सांगा.