मातीचा ताळेबंद

शेतकऱ्याला खतांची मात्रा कळत नाही, तो अडाणीपणाने युरिया फेकतो आणि म्हणून जमिनी बिघडतात, असे मोठ्या विद्वत्तेने सांगण्यात येते. उपाय म्हणून प्रबोधनाच्या मोहिमा सुचविल्या जातात. शेतकऱ्याच्या अज्ञानावर खापर फोडणे सोयीचे असते, कारण मग धोरणाची झडती घ्यावी लागत नाही. वस्तुतः भावांचे गणित आपला शेतकरी अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याइतकेच अचूक जाणतो. जमीन बिघडली ती प्रामुख्याने सरकारने ठरविलेल्या किमतींमुळे.

इतिहास तपासून पाहावा. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश देणारी खते नियंत्रणमुक्त करण्यात आली व त्यांचे भाव कडाडले. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला. इतकेच नव्हे, तर त्याची किंमत दहा टक्क्यांनी उतरविण्यात आली. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे देशातील प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, पुढच्याच वर्षी ते ९.५ : ३.२ : १ झाले. सर्वसाधारणपणे ४ : २ : १ हे प्रमाण योग्य मानले जाते. एका वर्षात देशातील सारे शेतकरी अडाणी झाले काय? २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारलेले अनुदान आले, तेही युरियाला वगळून. परिणामी ४५ किलोंची युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना, तर ५० किलोंची डीएपीची गोणी १,३५० रुपयांना, अशी विषमता रूढ झाली.

माती हा हिशेब मानीत नाही. पिकाची वाढ सर्वांत तुटपुंज्या अन्नद्रव्यापाशी अडते, हा लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम एकोणिसाव्या शतकापासून सर्वमान्य आहे. जिथे पालाश वा जस्त कमी आहे, तिथे युरियाची दुसरी गोणी टाकल्याने पीक हिरवेगार दिसते. पण ते लुसलुशीत होऊन किडीला बळी पडते, लोळते, आणि दाणा भरत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत वरवर फेकलेल्या युरियातील बराचसा नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो, काही विहिरींच्या पाण्यात उतरतो. दरम्यान शेणखत आटले, उसाचे पाचट फडातच पेटविले जाते आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटतो. भांडवल खाऊन नफा दाखविणाऱ्या कंपनीचा ताळेबंद आपण खोटा म्हणतो. शेतीचा ताळेबंद आपण त्याच पद्धतीने मांडीत आलो आहोत.

महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरील पालापाचोळ्याचे व शेणाचे सत्त्व पावसाबरोबर शेतात कसे उतरते हे सांगून, ते अडविण्यासाठी सरकारने ताली-बंधारे घालावेत अशी मागणी केली होती. सुपीकतेचा प्रश्न हा राज्यसंस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

२०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. ते काढून घ्या आणि एकरी रोख रक्कम द्या, असे उदारीकरणवादी म्हणतात. रोख रक्कम द्यावयाची कोणाला? सातबाऱ्यावर नाव असेल त्याला! म्हणजे तोंडी बोलीवर खंडाने वा वाट्याने कसणारा आणि नवऱ्याच्या नावावरील जमिनीत राबणारी बाई, दोघेही उघड्यावर. आज निदान दुकानातील गोणी घेण्यासाठी सातबारा दाखवावा लागत नाही. म्हणून या सूचनेला आपला विरोध असलाच पाहिजे.

परंतु आपल्या बाजूनेही एक चूक कबूल करावयास हवी. ‘युरियाच्या दराला हात लावू नका’ एवढीच घोषणा आपण वर्षानुवर्षे देत राहिलो. स्वस्त युरियाचा मोठा वाटा बागायतदाराला मिळतो, कोरडवाहू शेतकऱ्याला थोडा. आणि जमिनीचा कस मात्र दोघांचाही जातो. ही घोषणा गरिबाच्या हिताची आहे असे मानणे ही आत्मवंचना होय.

मागणी अशी असावी : अनुदानाची एकूण रक्कम कमी होता कामा नये, तिची दिशा बदलावी. आधी स्फुरद व पालाशाची खते स्वस्त करावीत, मगच युरियाचा दर हळूहळू वाढवावा. वाचलेला प्रत्येक रुपया कसणाऱ्याला मिळावा, मालकाला नव्हे. काही हिस्सा शहरांच्या ओल्या कचऱ्याचे व साखर कारखान्यांच्या मळीचे खत करून शेतापर्यंत पोहोचविण्यावर खर्च व्हावा. २०१५ पासून मृद-आरोग्य पत्रिका दिली जाते. तीत बारा घटकांची नोंद असते. पण पत्रिका पालाश घाला म्हणते आणि किंमत युरिया घाला म्हणते. शेतकरी किमतीचे ऐकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

कार्यकर्त्यांनी या हंगामापूर्वी आपापल्या गावातील पत्रिका गोळा कराव्यात, त्यांतील शिफारस आणि प्रत्यक्ष घातलेले खत यांतील अंतर वहीत मांडावे, युरियाबरोबर नको ती उत्पादने गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांची नोंद करावी. ही वही घेऊन तहसील कचेरीवर जाणारा मोर्चा केवळ घोषणा देणाऱ्या मोर्चापेक्षा अधिक बोलेल.