सहावे बोट

यंत्राने काढलेल्या चित्रांचा दर्जा सुधारला, असे सध्या मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. सुधारला हे खरेच. २०२२ साली या चित्रांतील माणसांच्या हाताला कधी सहा, कधी सात बोटे फुटत. छायाचित्रात हात लहानसा दिसतो आणि तो नाना तऱ्हांनी वळतो; त्यामुळे कोट्यवधी चित्रे गिळूनही यंत्राला त्याचे गणित सुटत नव्हते. मार्च २०२३ मध्ये 'मिडजर्नी'ची पाचवी आवृत्ती आली आणि बोटे बहुधा पाचांवर आली. पण दर्जा म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारीत नाही.

त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील चित्र जगभर फिरले आणि असंख्य लोकांनी ते खरे मानले. हातातला पेला धड धरलेला नव्हता. क्रूसाची साखळी एकाच बाजूने लोंबत होती. गळ्यात क्रूस घालणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या ते ध्यानात आले? पुढे २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप महाशयांनी अशा बनावट प्रतिमांविषयी लिहिताना आपणही त्यांचा विषय झाल्याचे कंसात नमूद केले. त्या चित्रात निदान खोट पकडायला जागा होती. सुधारणा झाली ती नेमकी ती जागा बुजवण्यात! सहावे बोट हा यंत्राचा कबुलीजबाब होता. तो पुसला गेला, याला आपण प्रगती म्हणायचे काय?

'स्टेबल डिफ्यूजन' ज्या 'लायन-५बी' संग्रहातील निवडक भागांवर घडवले गेले, त्या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्रांची नोंद होती. चित्रकारांची संमती कोणी घेतली? जानेवारी २०२३ मध्ये तीन चित्रकारांनी अमेरिकेत न्यायालयाचे दार ठोठावले ते याचसाठी. छायाचित्रण आले तेव्हाही चित्रकार असेच ओरडले होते, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. तो लंगडा आहे. कॅमेऱ्याला समोर माणूस किंवा झाड लागते. या यंत्राला दुसऱ्याने काढून ठेवलेले चित्र लागते.

गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा स्वकीयांनीच त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढले. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते रंगवीत राहिले. आज साडीतील मरिया मागितली तर यंत्र ती क्षणात देईल, आणि फोन्सेकांच्या चित्रांपेक्षा कितीतरी गुळगुळीत देईल. पण रोष पत्करून ती साडी नेसवण्याचा निर्णय यंत्र घेत नाही. तो निर्णयच तर त्या चित्राचा दर्जा होता.

सणाच्या स्मरणिकेसाठी गावातल्या चित्रकाराला चार पैसे देण्याचे टाळून मुखपृष्ठ फुकटात उरकणाऱ्या समित्यांनी निदान आतल्या पानावर एवढे तरी छापावे, की हे चित्र यंत्राचे आहे. जाहिरातदारांची नावे तर आपण ठळक अक्षरांत छापतोच.