‘रिमांड होम’मधली फाइल : कोणती नष्ट करायची आणि कोणती जपायची?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलाला अनेक जण आजही ‘रिमांड होम’ म्हणतात. या जुन्या नावामुळे तिथे वाढलेल्या प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहिलं जातं. मुलांच्या नोंदींचा प्रश्नही याच नावाशी जोडलेला आहे.

हा घोळ कुठून आला?

मुंबई राज्याने १९४८ साली मुलांसाठी कायदा केला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान त्या राज्यात विलीन झालं. त्या काळी अनाथ मूल, घरातून पळालेलं मूल आणि चोरीच्या आरोपात पकडलेलं मूल, अशा सगळ्यांचा पहिला मुक्काम रिमांड होमच असायचा. २००० च्या बाल न्याय कायद्याने वाटा वेगळ्या केल्या. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं बाल कल्याण समितीमार्फत बालगृहात जातात. गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं बाल न्याय मंडळापुढे येतात आणि निरीक्षणगृहात राहतात. २०१५ च्या कायद्यानेही हीच विभागणी ठेवली.

दोन फाइली, दोन नियम

गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, हे कायद्याचं तत्त्व आहे. म्हणून अपिलाची मुदत किंवा ७ वर्षं संपल्यावर दोषसिद्धीची नोंद नष्ट करायची असते. गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेली १६ वर्षांवरची मुलं याला अपवाद आहेत.

बालगृहातल्या मुलाची गरज नेमकी उलट असते. ते कुठे सापडलं, समितीने काय आदेश दिला, कोणत्या शाळेत शिकलं, हे सगळं त्याच्या फाइलमध्येच असतं. मोठेपणी अनाथ प्रमाणपत्र काढताना हीच कागदपत्रं लागतात. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राशिवाय ते मिळत नाही. दत्तक गेलेली व्यक्तीही १८ वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते.

त्यामुळे ‘जुनी रद्दी’ म्हणून सरसकट दप्तर काढून टाकलं, तर एखाद्याची ओळखच पुसली जाईल. सगळंच उघड ठेवलं, तर दुसऱ्याच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल. जुन्या मिश्र नोंदी म्हणूनच नाव-नाव तपासून वेगळ्या करायला हव्यात.

तुमचा संबंध काय?

अशा मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा जाहीर करणं कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एकटं मूल दिसलं, तर फोटो व्हायरल करण्याआधी १०९८ वर फोन करा. सरकारी फाइल एक दिवस बंद होते, फॉरवर्ड झालेला फोटो मात्र फिरतच राहतो.