अर्ध्या बोटाचा फरक

गणपतीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या घरात माळ्यावरचे मखर खाली काढून मी धूळ झटकीत बसले होते, तोच बेल वाजली. दारात बोरिवलीची भाची उभी. एरवी आल्या आल्या स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहणारी ही मुलगी त्या दिवशी ओढणी घट्ट लपेटून कोचाच्या कडेवर टेकली. चहा झाला, लोकलच्या गर्दीचे गाऱ्हाणे झाले. मग हळूच म्हणाली, "मावशी, आईला सांगणार नसशील तर एक सांगू?"

वाचकहो, या प्रश्नाला 'नको' म्हणणारी मावशी अजून जन्मायची आहे!

भाचीचे वय चौतीस, नोकरी बँकेतली, पैसे स्वतःचे. पाच आठवड्यांपूर्वी तिने छातीचा आकार वाढविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. दोन्हीकडे आत सिलिकोनची रोपणे बसविली होती. आईला सांगितले होते, 'ऑफिसच्या ट्रेनिंगला चालले'. आणि आता रोज आरशासमोर उभे राहावे, तर उजवी बाजू डावीपेक्षा अर्धे बोट वर!

"तिथे वाकडं झालंय गं, मावशी," ती म्हणाली आणि रडू लागली.

माझ्या जिभेवर काय आले होते, ते प्रामाणिकपणे सांगते. 'तुला कुणी सांगितले होते हे उपद्व्याप?' पण त्या 'तिथे' या शब्दाने मला अडविले. गेली वीस वर्षे मी वर्गात 'पयोधर' आणि 'उरोज' यांचे अर्थ खणखणीत आवाजात सांगत आले आहे. मागच्या बाकावर कोणी हसलेच, तर चष्म्यावरून एक नजर पुरते. आणि माझ्या सख्ख्या भाचीला स्वतःच्या शरीरासाठी 'तिथे' याखेरीज शब्द नाही! तो मी तरी तिला कधी दिला होता?

"डॉक्टरांना का नाही विचारलंस?"

"हौसेनं करून घेतलं, मावशी. आता तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

खरी गाठ इथे होती. हौसेने घेतलेल्या साडीचा काठ विटला तर आपण दुकानदाराशी तासभर हुज्जत घालतो. हौसेने केलेल्या शस्त्रक्रियेविषयी मात्र तोंड उघडायचे नाही!

शुक्रवारी आम्ही दोघी अंधेरीला तिच्या सर्जनकडे गेलो. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी टेप लावून मापे घेतली आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे छायाचित्र समोर ठेवले. उजवा खांदा तेव्हाही किंचित वर होता, आणि छातीही. कोणाच्याच शरीराच्या दोन बाजू एका साच्यातून काढलेल्या नसतात. आपण इतक्या बारकाईने पाहत नाही, एवढेच. रोपण बसविले, की जुना फरक अधिक उठून दिसतो.

दुसरे कारण स्नायूंचे. रोपण छातीच्या स्नायूखाली ठेवलेले असले, तर प्रथम ताठरलेला स्नायू त्याला वर दाबून धरतो. तो सैलावतो, सूज ओसरते, तसतसे रोपण खाली उतरते. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत. म्हणून तीन ते सहा महिने वाट पाहायची आणि मगच दुरुस्तीचे ठरवायचे.

पण सगळीच वाट पाहणे शहाणपणाचे नसते. एक बाजू एकाएकी फुगून घट्ट झाली, ठणका वाढला, लाली चढली, जखमेतून पाणी आले किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. आत रक्त साचलेले असू शकते किंवा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. रोपण फार खाली किंवा बगलेकडे घसरले, तर ते सहसा आपोआप जागेवर येत नाही. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी छाती कडक होऊन दुखू लागली, आकार ओढल्यासारखा दिसू लागला, तर रोपणाभोवतीचे वेष्टण आवळत असते. शिवाय रोपण जन्मभर पुरेलच असे नाही; ते बदलावे लागू शकते. म्हणून त्याची जात आणि माप लिहिलेले कार्ड जपून ठेवायचे. भाचीचे कार्ड अजून पिशवीच्या तळाशी चुरगळलेले होते!

परतताना मेट्रोत मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. आधी वाचून ठेवायची प्राध्यापकी खोड, दुसरे काय? १८९५ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला चेर्नी नावाच्या सर्जनाने एका रुग्णेच्या स्तनातली गाठ काढली. दोन बाजू विषम दिसू नयेत म्हणून त्याने तिच्याच अंगावरची चरबीची गाठ तिथे बसविली. सिलिकोन आले ते १९६२ साली, अमेरिकेत ह्यूस्टनला. म्हणजे या विद्येचा उगमच मुळी या अर्ध्या बोटाच्या काळजीत आहे. आणि आपल्या पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने नवे केले गेले, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. ती आपण अभिमानाने सांगतो. त्याला कोणी विचारले नाही, 'बाबा रे, नाकावाचून तुझे काय अडले होते?'

"त्याचं नाक दुसऱ्यानं कापलं होतं, मावशी," भाची म्हणाली.

मुलगी तर्कात माझ्यावर गेली आहे! मला उत्तर सुचले नाही. ही शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे माझे मला अजून ठरविता आलेले नाही. पण केलेल्या बाईने लाजेपोटी ताप अंगावर काढू नये, एवढे मात्र पक्के ठरले आहे.

दसऱ्याला ती सोने द्यायला आली. फरक थोडा उरला आहे. त्याचा निकाल संक्रांतीनंतर लागेल. आईला तिने स्वतःच सांगितले होते. माझ्या बहिणीने आधी अर्धा तास तोंड सोडले, मग दिवसभर अबोला धरला. रात्री अंथरुणे घालताना हळूच विचारले, "छातीत दुखत नाही ना गं आता?"

संक्रांतीनंतर अंधेरीला तीच बरोबर जाणार आहे.