पहिल्या पायरीच्या पुढे

बारावीचा निकाल लागला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या मुली दाखले गोळा करायला लागतात. जातीचा, रहिवासी, उत्पन्नाचा, आणि सगळ्यांत जास्त हेलपाटे घालायला लावणारं जात वैधता प्रमाणपत्र. यातल्या पुष्कळ जणी आश्रमशाळेत शिकलेल्या, घरातल्या पहिल्याच बारावी झालेल्या. पुढे काय करायचंय असं विचारलं तर उत्तर अनेकदा एकच येतं, ‘दवाखान्यात काही काम मिळालं तर करीन.’ काम आपल्याच भागात असावं, संध्याकाळी घरी येता यावं, चार माणसांनी मान द्यावा, एवढंच त्यांचं मागणं.

मला हे मागणं फार मोलाचं वाटतं. दुसरे रस्ते त्यांच्यासमोर उघडे असतातच. सकाळी आच्छाडचा नाका ओलांडून भिलाड, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांकडे माणसांनी भरलेल्या गाड्या जातात. चिकूच्या वाड्यांत तोडणीची मजुरी असते. दिवाळीनंतर घरंच्या घरं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उठून जातात, तरुण पोरं ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी होतात. हे सगळं डोळ्यांसमोर असताना एखादी मुलगी आजारी माणसाच्या उपयोगी पडायचं म्हणते, तेव्हा तिला नीट उत्तर देणं हे आपलं काम आहे. म्हणून आज त्या उत्तराबद्दलच लिहितो.

गावात आरोग्याचं काम म्हटलं की पहिलं नाव येतं आशाताईचं. 12 एप्रिल 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, असा हिशेब ठरला. आदिवासी भागात पाडे विखुरलेले असतात, म्हणून इथे त्याहून कमी वस्तीलाही आशा नेमता येते. निवडीत ग्रामसभेचा शब्द असतो. मात्र आशा ही त्याच गावात राहणारी, लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, शक्यतो 25 ते 45 वयाची, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. अविवाहित मुलगी उद्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तर तिला दिलेलं प्रशिक्षणही तिच्याबरोबर जातं. पण 18 वर्षांच्या मुलीच्या कानावर यातलं एकच पोचतं, आधी लग्न कर, मग ये. शिकायची उमेद सगळ्यांत जास्त असते ती याच वयात, आणि तेवढी वर्षं तिने कुठे काढायची हे कोणी सांगत नाही.

अंगणवाडीत वयाची ही अडचण नाही. सेविका किंवा मदतनीस व्हायला 18 वर्षं पूर्ण, बारावी पास आणि स्थानिक रहिवासी असावं लागतं. अंगणवाडी ही कल्पनाच आपल्या भागात वाढलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार त्यांनी इथे प्रत्यक्षात आणला. 1975 साली देशाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडीच देशभर गेली. आज मुलांचं वजन घेणं, पोषण आहार, गरोदर मातांना अमृत आहार योजनेतलं शिजवलेलं जेवण हे सगळं अंगणवाडीतूनच चालतं. पण तिथली जागा निघते ती आधीची बाई निवृत्त झाली किंवा सोडून गेली तर. एका पाड्यावर अशी वेळ किती वर्षांनी येते, ते आपल्याला माहीत आहे.

मुलग्यांसाठी एक वाट आहे, आणि तिची किंमत पुष्कळांना कळलेली नाही. हिवतापाच्या हंगामात घराघरांत औषध फवारायला आरोग्य विभाग रोजंदारीवर माणसं घेतो. धड मजुरी नाही, धड नोकरी नाही, असं म्हणून शिकलेली पोरं या कामाकडे पाठ फिरवतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे काम सोडू नका. जिल्हा परिषदेच्या भरतीत आरोग्य सेवक पुरुष या पदाच्या 50 टक्के जागा हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी असतात. दहावीला विज्ञान हवं, आणि 90 दिवस फवारणी केल्याचा अनुभव हवा. तेव्हा हंगाम संपला की त्याच आठवड्यात अनुभवाचा दाखला सहीशिक्क्यासह मागून घ्या. दोन वर्षांनी साहेब बदललेले असतात, रजिस्टर कपाटात गेलेलं असतं, आणि केलेलं काम कागदावर उरत नाही.

मुलींसाठी पक्की वाट एएनएमची, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसविकेची. अभ्यासक्रम 2 वर्षांचा, बारावीनंतरचा, आणि कला शाखेची बारावीही त्याला चालते. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नर्सिंगला सायन्सच लागतं अशा समजुतीने किती तरी मुली चौकशीसुद्धा करत नाहीत. उपकेंद्रावरची आरोग्य सेविका, जिला सगळं गाव सिस्टर म्हणतं, ती याच शिक्षणातून आलेली असते. प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट तपासा, ती संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यतेची आहे का? सहा महिन्यांत नर्स करून देतो असं सांगणाऱ्यांकडे आईचे दागिने गहाण ठेवून पैसे भरू नका. त्या प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारी जाहिरातीला अर्जही करता येत नाही.

आता या शिकलेल्या मुलामुलींना नोकरी कुठे मिळते ते पाहू. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. 2014 साली राज्यपालांच्या अधिसूचनेने असं ठरलं, की या क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य सेवक, परिचारिका अशी पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरायची. कागदावर याहून चांगली तरतूद सापडणार नाही. ऑगस्ट 2023 मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांची मोठी जाहिरात निघाली. मागास प्रवर्गाला एका पदासाठी 900 रुपये परीक्षा शुल्क होतं. मजुरीच्या पैशांतून ते भरून पोरांनी परीक्षा दिल्या. मग पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे याच अनुसूचित क्षेत्रातल्या, नेमणुका न्यायालयातल्या वादात अडकल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि आणखी काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, त्यांच्या मागण्यांत ही भरती होती. त्यानंतर सरकारने निवड झालेल्यांना तात्पुरतं, मानधनावर घ्यायचं ठरवलं. परीक्षा कायम पदाची दिली आणि हातात मानधनाचा आदेश आला. हे त्या मुलांना समजावून सांगताना कोणाचीही जीभ अडखळेल.

एवढा खटाटोप स्थानिक माणसासाठीच का करायचा, बाहेरून शिकलेली माणसं आणली तर काय बिघडलं, असं कोणी विचारतं. त्याचं उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिलेलं आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला आणि जंतुसंसर्गावर उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि त्याच धर्तीवर आशांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी जाते. बाळाचं वजन, ताप, अंगावर पिण्याची ताकद, नाळेची जागा, सगळं पाहते.

या भेटी बाहेरची माणसं करू शकत नाहीत. आदिवासी भागात 3000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, हे शासनाचं प्रमाण आहे. 3000 माणसं म्हणजे आमच्याकडे डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेले किती तरी पाडे. पावसाळ्यात मधला ओहोळ भरला की उपकेंद्र आणि पाडा यांचा संबंध तुटतो. तेव्हा पाड्यावर असते ती आशाच. बाळंतीण कुडाच्या घरात आतल्या बाजूला निजलेली असते, सासू दाराशी बसलेली असते. वारली बोलीत दोन शब्द बोलणारी, नात्यातली बाई आली तरच ती सासू उठून वाट देते.

सर्पदंशाचंही तसंच. भातलावणीच्या दिवसांत साप चावला की घरचे आधी भगताकडे धावतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईच्या संस्थेने डहाणूतल्या आपल्या ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रातून या तालुक्यातल्या सर्पदंशाचा अभ्यास केला. त्या कामात आशांना आणि भगतांनाही बरोबर घेतलं गेलं. रुग्ण वेळ न घालवता कासा किंवा डहाणूच्या रुग्णालयात पोचावा, तिथे प्रतिसर्पविष टोचलं जावं, याची सुरुवात पाड्यावर होते. रात्री दोन वाजता भगताच्या अंगणात उभं राहून ‘आधी गाडीत घाला’ म्हणायला त्याच पाड्याची, त्याच भगताच्या ओळखीची मुलगी लागते. अशाच संशोधन प्रकल्पांत घरोघर माहिती घ्यायला स्थानिक तरुण लागतात. मुदतीचं का होईना, ते काम मिळालं तर जरूर घ्यावं, कारण नोंदी ठेवायची शिस्त त्यातून लागते.

असं हे काम मोलाचं आहे, मग त्याचं मोल द्यायला आपण कचरतो का? नवजात बाळाच्या त्या सगळ्या भेटी नीट पूर्ण केल्या तर आशाला मिळणारा मोबदला 250 रुपये ठरला. कुटुंब भट्टीवर निघून गेलं की भेटी अर्धवट राहतात आणि मोबदला अडतो. स्थलांतर करणाऱ्या पाड्यावरच्या आशाला हा तोटा दर वर्षी सोसावा लागतो. ती स्वयंसेविका आहे, कर्मचारी नाही, हे शासनाचं म्हणणं. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा सन्मान केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, आणि 2024 मध्ये राज्याने महिन्याला 5000 रुपयांची वाढ दिली. ती लढून मिळाली, हे विसरता येत नाही.

तलासरी तालुक्यातल्या झरीला मे 1945 मध्ये वारली जमले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करणार नाही, घामाचा दाम घेतल्याशिवाय सावकाराच्या शेतात पाऊल टाकणार नाही, असं तिथे ठरलं. ज्या मातीत हे ठरलं तिथे त्यांच्या नातीपणतींनी आरोग्याचं काम सेवा म्हणून, मिळेल त्या मोबदल्यात करावं अशी अपेक्षा आपण ठेवतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. सेवा ती करतेच आहे. पगार, सुट्टी आणि बढती हा तिचा हक्क आहे.

सगळ्यांत मोठी उणीव बढतीची आहे. आशा म्हणून लागलेली बाई फार तर आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक होते, तीही पदवी असेल आणि जागा असेल तर. पंधरा-पंधरा वर्षं बाळं तपासलेली, क्षयाच्या रुग्णांना गोळ्या दिलेली, हिवतापाचे रक्तनमुने घेतलेली बाई आरोग्य सेविका होऊ शकत नाही, कारण 2 वर्षं घर सोडून, फी भरून शिकायला तिला परवडत नाही. पहिली पायरी आपण बांधली, दुसरी बांधायची राहिली.

ती बांधायला काय लागेल, ते सांगता येण्यासारखं आहे. एएनएमच्या सरकारी जागांत बारावी झालेल्या अनुभवी आशांसाठी आणि अंगणवाडी मदतनिसांसाठी ठरावीक जागा ठेवाव्यात, आणि शिकत असताना त्यांचा मोबदला चालू ठेवावा. 18 ते 25 वयाच्या मुलामुलींना प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर पगारी उमेदवारी द्यावी. सिकलसेलच्या तपासणीपासून लसीकरणाच्या नोंदींपर्यंत तिथे हातांची गरज पडते, आणि त्या वर्षाचे गुण भरतीत धरावेत. पेसा क्षेत्रातल्या मानधनावरच्या नेमणुका कायम कराव्यात. पैशांचा प्रश्न येईल. वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं, त्याचा खर्च 76 हजार कोटींच्या घरात आहे. ज्या जिल्ह्यात एवढी गुंतवणूक होते, तिथे पाड्यावरच्या मुलीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला पैसा नाही, हे कोणाला पटणार नाही.

आणि काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि आरोग्य हा त्यातला मान्य विषय आहे. गावच्या मुलीचं प्रशिक्षण त्यात बसवून मागता येईल. आशाची निवड ग्रामसभेत होताना सरपंचाच्या घरातल्यापेक्षा कामाची बाई पुढे करता येईल. 15 ऑगस्टला ग्रामसभा असते. आपल्या पाड्यावर आरोग्याची किती पदं आहेत, किती रिकामी आहेत, कोण शिकायला तयार आहे, याची यादी करून ती ठरावात लिहायला लावा. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि 2 ऑक्टोबरच्या सभेत काय झालं ते विचारा.