सभांपुरती उरलेली भाषा जगत नाही

बेलफास्टच्या रॅप गाण्यांचा विषय सीमाभागातील भाषेच्या चर्चेत काढला की आमच्यातील काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात. नशापाणी आणि शिव्या यांचा भाषेच्या चळवळीशी संबंध काय, असा त्यांचा सवाल असतो. संबंध आहे आणि तो निकटचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

'नीकॅप' हे उत्तर आयर्लंडमधील तिघांचे पथक. दोघे बेलफास्टचे, तिसरा डेरीचा. हा तिसरा पूर्वी आयरिशचा शिक्षक होता. २०१७ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या गाण्याचे नाव 'कॅर्ता', म्हणजे 'हक्क'. भाषिक हक्कांच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी हा शब्द बसथांब्यावर रंगवताना पोलीस आले, अशी त्या गाण्याची जन्मकथा ते स्वतः सांगतात. पाटीवरील मराठी अक्षरांसाठी काय सोसावे लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती समजावून सांगायला नको. पुढे ते गाणे बाजूला काढले ते मात्र आयरिश भाषेच्याच रेडिओवाहिनीने. कारण दिले शिव्यांचे आणि अमली पदार्थांच्या उल्लेखांचे.

जून २०२४ मध्ये 'फाइन आर्ट' हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम आला. एका काल्पनिक मद्यगृहाभोवती तो गुंफलेला आहे आणि त्यात आयरिश व इंग्रजी बेधडक मिसळतात. समीक्षकांनी त्यातील विनोदाचे आणि जोमाचे सर्वसाधारणपणे स्वागतच केले. आयरिश न जाणणाऱ्यांनीही तो उचलून धरला. मात्र आयरिश ही केवळ नवलाई मानून केलेले कौतुक आम्हांला अपुरे वाटते. या अल्बमचे खरे मोल असे की त्यात भाषा संग्रहालयातून रस्त्यावर आली.

आकडे पाहा. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आयरिश ही घटनेनुसार पहिली राजभाषा आहे, शाळाशाळांतून ती शिकवली जाते. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी ती येत असल्याचे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१,९६८. राजमान्यता मिळाली म्हणजे भाषा तरली, या समजुतीला याहून कठोर उत्तर कोणते?

म्हणून मान्यतेचा लढा सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो नेटाने लढवलाच पाहिजे. 'नीकॅप'नेही ब्रिटिश सरकारने अडवलेल्या १४,२५० पौंडांच्या अनुदानासाठी न्यायालय गाठले. तो निर्णय बेकायदा असल्याचे सरकारला २०२४ च्या नोव्हेंबरात कबूल करावे लागले. मिळालेली रक्कम त्यांनी बेलफास्टच्या दोन्ही समाजांतील युवक संस्थांना वाटून दिली. शिवराळ पोरांना जबाबदारी कळत नाही, असे कोणी म्हणावे?

नशेचे कौतुक आम्हांला मान्य नाही. परंतु ज्या भाषेत तरुणाला हसता, भांडता, चुकता येत नाही, ती भाषा तो निवेदनांपुरती राखतो आणि मित्रांशी दुसरीच बोलतो. उद्या खानापूरच्या किंवा निपाणीच्या एखाद्या मुलाने कानडी हेलाच्या मराठीत रॅप म्हटला, तर लाल शाई घेऊन त्याच्यामागे धावू नका. आधी ऐका. खटला वकील लढतील. भाषा मात्र त्या मुलाच्याच तोंडी जगायची आहे.